'क्लाउड अ‍ॅटलस' बाबांना दाखवू का?

गवतीचहा | शुक्रवार, रात्री १०.४८

गणपतीला पाच दिवस घरी जातेय. यंदा बाबांना 'क्लाउड अ‍ॅटलस' दाखवावा असं मनात आहे. बाबांचं वय एकाहत्तर, मोजणी खात्यातून निवृत्त. इंग्रजी पिक्चर आवडीने बघतात, पण "गोष्ट सरळ सांगायला यांचं काय जातं" हा त्यांचा ठरलेला शेरा. आणि हा पिक्चर तीन तासाला आठ मिनिटं कमी, वर सरळपणाशी त्याचा काही संबंध नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१२ चा सिनेमा. 'मॅट्रिक्स'वाल्या दोघी वाचोव्स्की बहिणी आणि जर्मनीचा टॉम टिक्वर, असे तीन दिग्दर्शक. डेव्हिड मिचेलच्या २००४ च्या कादंबरीवरून घेतलाय. सहा गोष्टी आहेत: १८४९ मधलं पॅसिफिकवरचं जहाज, १९३६ मधला एक कफल्लक तरुण संगीतकार, १९७३ ची सॅन फ्रान्सिस्कोतली बातमीदार, २०१२ चा लंडनमधला म्हातारा प्रकाशक, २१४४ चं निओ सोल शहर, आणि सगळं बुडाल्यानंतरच्या काळातला एका बेटावरचा शेळ्या राखणारा. म्हणजे सागरप्रवास, प्रेम, थरार, फार्स, विज्ञानकथा आणि शेवटी जवळजवळ पुराणकथा. हे सगळं एकामागून एक न येता पत्ते पिसल्यासारखं येतं, आणि तेच नट मेकअप बदलून सगळीकडे.

कबुली द्यायची तर थेटरात पाहिला तेव्हा मी वैतागून बाहेर आले होते आणि इथेच कुठल्यातरी धाग्यावर "पैसे आणि शनिवार दोन्ही पाण्यात" असं लिहिलं होतं. (शोधू नका.) मग लॉकडाऊनमध्ये इस्त्री करताना कानात काहीतरी वाजत होतं, पियानोची एक साधीशी सुरावट. हात थांबला, बाबांच्या सदऱ्याची कॉलर जळता जळता वाचली. बघितलं तर याच पिक्चरचं संगीत. त्या रात्री परत पाहिला. तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा चिनी मातीच्या बशा फोडायच्या प्रसंगाला रडले, आणि का ते अजून नीट सांगता येत नाही.

तर प्रश्न: बाबांना आधी गोष्ट समजावून ठेवू, की काही न सांगता सरळ लावू?

पावशेर | शुक्रवार, रात्री ११.०२

सरळ लाव. झोपले तर झोपले. आमचे सासरे बातम्या बघतानाही घोरतात.

खडूस_आजोबा | शुक्रवार, रात्री ११.३०

दाखवू नकोस. म्हाताऱ्या माणसाने काय वाईट केलंय तुझं?

दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पाऊण तासात बंद. सहा डब्यांतल्या सहा भाज्या एका ताटात कालवायच्या आणि त्याला महत्त्वाकांक्षा म्हणायचं. जहाजावरचा माणूस ओकतोय, तोच हॉटेलात कोणीतरी खिडकीतून पळतोय, तोच एक बाई गाडीसकट पाण्यात. आणि संबंध काय तर सगळ्यांच्या अंगावर धूमकेतूच्या आकाराची खूण! आमच्या वेळी जत्रेत हरवलेल्या भावांच्या दंडावर गोंदण असायचं. त्यांना निदान शेवटी आई तरी मिळायची.

चिंचगूळ | शुक्रवार, रात्री ११.३६

आजोबा, गोंदणाला मोदक. 😂

तिरपा_डोळा | शनिवार, सकाळी ८.१५

आजोबा, खूण सोडून द्या, मला पण ती फुकटची वाटते. खरा संबंध दुसरीकडे आहे आणि तो पहिल्या पाऊण तासात हाती लागत नाही, म्हणून तुमचं नुकसान झालं.

प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीतल्या माणसापर्यंत कागदातून किंवा पडद्यावरून पोचते. जहाजावरच्या वकिलाची, यूइंगची, रोजनिशी संगीतकार फ्रोबिशर वाचतो. फ्रोबिशरने त्याच्या मित्राला, सिक्सस्मिथला, लिहिलेली पत्रं १९७३ मध्ये बातमीदार लुइसा वाचते. लुइसाच्या भानगडीवरचं हस्तलिखित प्रकाशक कॅव्हेंडिशच्या हाती येतं. कॅव्हेंडिशच्या फजितीवर सिनेमा निघतो, तो निओ सोलमधली सोन्मी चोरून बघते. आणि सोन्मीचा जबाब पुढे इतका पसरतो की शेळ्या राखणाऱ्या झॅकरीच्या काळात ती देवी झालेली असते. नोकर म्हणून बनवलेली मुलगी, एका विनोदी पिक्चरमधल्या म्हाताऱ्याचं "मी हे सहन करणार नाही" ऐकते आणि त्यातून बंड उभं राहतं! मला याहून मोठा विनोद आणि याहून गंभीर गोष्ट एकाच वेळी कुठे दिसली नाही.

कादंबरीची मांडणी तर अजून मजेशीर. पहिल्या पाच गोष्टी अर्ध्यावर तोडल्यात, सहावी सलग, मग उलट क्रमाने पाचव्यापासून पहिलीपर्यंत उरलेले अर्धे. डब्यात डबा. पहिली रोजनिशी तर वाक्याच्या मध्येच तुटते, मला वाटलं प्रत सदोष आली, बदलून घ्यायला निघालो होतो.

शेवगा | शनिवार, सकाळी ८.४०

गोष्टीत गोष्ट म्हणजे पंचतंत्र आणि कथासरित्सागर की! आपल्याकडे हे सगळं आधीच...

चिंचगूळ | शनिवार, सकाळी ८.४१

आलं. "आपल्याकडे आधीच होतं" आलं. एक दिवस पण नाही टिकला धागा.

तिरपा_डोळा | शनिवार, सकाळी ९.०५

शेवगा, अर्धं बरोबर. पण पंचतंत्रात करटक दमनकाला गोष्ट सांगतो आणि ती पूर्ण करून मगच आपण वर येतो. इथे गोष्ट ऐन मोक्याला सोडून देतात. पुस्तकात तुम्ही तीनशे पानं त्या माणसाची काळजी करत राहता. सिनेमात तेवढा दम धरता येत नाही, म्हणून त्यांनी सहाही एकत्र पिसल्या. मला स्वतःला पुस्तकाची मांडणी जास्त आवडते. सिनेमा मला आवडतो तो संगीतासाठी, पण त्यावर बोलायची माझी लायकी नाही. नाना कुठे आहेत?

पेटीवाला_नाना | शनिवार, दुपारी २.२०

आलो. जेवण होऊन वामकुक्षी झाली, आता लिहितो. लांब होईल.

मी नारदीय कीर्तनाला पेटीची साथ करतो, बावीस वर्षं झाली. हा पिक्चर मला नातवाने दाखवला. पहिल्या तासात मलाही काही कळेना. पण कळत नसूनही मी उठलो नाही, आणि का उठलो नाही हे दुसऱ्या दिवशी पेटीवर बसल्यावर कळलं.

कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात, त्यावर निरूपण करतात. मग मध्यंतर, नामस्मरण, हार-बुक्का. मग उत्तररंगात आख्यान लागतं, आणि ते कुठलंही असू शकतं. हरिश्चंद्राचं असेल, शिवाजी महाराजांचं असेल, एखाद्या क्रांतिकारकाचं असेल. बुवा लांब लांब जातात, लोकांना हसवतात, मध्येच आपल्या गावच्या सरपंचाला चिमटा काढतात. आणि मंडळी भरकटली असं वाटलं की साथीदाराने मूळ पदाचा मुखडा नुसता दोन सुरांत छेडायचा. बोलायचं काही नाही. सगळे सावरून बसतात. हरिश्चंद्राचा आणि त्या अभंगाचा संबंध बुवांनी अजून सांगितलेला नसतो, पण कानाने तो आधीच मान्य केलेला असतो.

ह्या पिक्चरने तेच केलंय. सहा आख्यानं, पद एकच. फ्रोबिशरची ती रचना, सहा वाद्यांसाठीची, 'क्लाउड अ‍ॅटलस सेक्स्टेट'. ती सुरावट पियानोवर येते तेव्हा एकटी असते. पुढे तंतुवाद्यं येतात, शेवटाकडे सगळा वाद्यवृंद. चाल फार अवघड नाही, माझ्या नातीने दहा मिनिटांत पेटीवर बसवली. अवघड असती तर इतक्या वेळा परतून आली तेव्हा ओळखू आली नसती. लोकांना वाटतं मोठं संगीत म्हणजे गुंतागुंत. ध्रुपद सोपंच लागतं, अंतरे हवे तेवढे चढवा.

आता एक जागा सांगतो, बघताना निसटते. फ्रोबिशर ज्या म्हाताऱ्या संगीतकाराकडे लेखनिक म्हणून राहतो तो एअर्स एका रात्री स्वप्न सांगतो. जमिनीखालचं झगझगीत उपाहारगृह, बाहेर जायला वाट नाही, आणि वाढणाऱ्या सगळ्या मुलींचा चेहरा एकच. त्या स्वप्नात ही सुरावट वाजत असते. स्वप्न १९३६ चं. आणि २१४४ मध्ये सोन्मी जिथे राबते ते अगदी तेच उपाहारगृह! म्हणजे धून मागून पुढे गेली की पुढून मागे आली? पुढे त्याच धुनेवरून दोघांचं फाटतं. म्हातारा बदनामीची धमकी देऊन ती आपल्या नावावर करू बघतो. चाल कोणाची हे भांडण मी इतक्या गायक-वादकांत पाहिलंय की तिथे हसू आलं, मग आलं नाही.

गवतीचहा | शनिवार, दुपारी २.५१

नाना, दंडवत. वाचनखूण साठवली. आणि एकाच चेहऱ्याच्या मुलींचं मला तीन वेळा पाहून कळलं नव्हतं.

रुळावरची_पाल | शनिवार, दुपारी ३.३०

नानांनी एक सोडलं, ते मी घेते. १९७३ मध्ये लुइसा रेकॉर्डच्या दुकानात जाते तेव्हा तीच रचना लागलेली असते आणि तिला वाटतं, हे मी कुठेतरी ऐकलंय. ती जन्मायच्या आधीचं, कोणाला माहीतही नसलेलं संगीत. आता दुकानातल्या त्या लांब केसांच्या पोऱ्याकडे नीट बघा. तो बेन व्हिशॉ आहे. म्हणजे ज्याने फ्रोबिशरचं काम केलंय तोच. स्वतः लिहिलेली रचना गल्ल्यावर बसून विकतोय, आणि त्याला पत्ता नाही.

यावर कोणी काही बोलत नाही, कॅमेरा थांबत नाही. मी पॉज करून पाणी प्यायला उठले होते.

लाइपझिगची_काकू | शनिवार, सायंकाळी ६.१०

लाइपझिगमधून नमस्कार. या संगीताचा वाद्यवृंद आमच्या गावचा बरं का. इथल्या एमडीआर रेडिओच्या वाद्यवृंदाने वाजवलंय. संगीत टिक्वर, जॉनी क्लिमेक आणि राइनहोल्ड हाइल या तिघांचं. टिक्वर एकीकडे दिग्दर्शक आणि एकीकडे संगीतकार.

महत्त्वाचं हे की संगीत आधी आणि चित्रीकरण नंतर. शूटिंगच्या काही महिने आधीपासून ते रचना करत होते आणि सेटवर ती वाजवता येत होती. साधारण उलटं असतं, पिक्चर कापून झाल्यावर संगीतकाराला बोलावतात आणि "इथे जरा उदास" सांगतात. सहा गोष्टी दोन युनिटांनी वेगवेगळ्या शूट केल्या (१८४९, २१४४ आणि शेवटची बहिणींनी, मधल्या तीन टिक्वरने), तरी एका घरातल्या वाटतात, त्याचं निम्मं श्रेय मी या उलट्या क्रमाला देते.

बराचसा भाग बाबेल्सबर्गच्या स्टुडिओत झाला. मोठ्या हॉलिवूड कंपनीने सगळा पैसा घातला नव्हता. सुमारे दहा कोटी डॉलरचा खर्च, बराच जर्मनीतून जमवलेला, बहिणींनी स्वतःचेही घातले. जगभरची कमाई तेरा कोटींच्या आसपास. थेटरवाल्यांचा वाटा धरला तर हे बुडणंच.

पावशेर | शनिवार, सायंकाळी ६.२५

म्हणजे गवतीचहाचा शनिवार एकटाच बुडाला नाही.

शेवगा | शनिवार, रात्री ८.००

मूळ मुद्दा राहिला. हा पिक्चर पुनर्जन्मावर आहे, कर्मविपाकावर. टॉम हँक्स बघा. पहिल्या गोष्टीत विष घालणारा डॉक्टर, मग ब्लॅकमेल करणारा हॉटेलवाला, मग लुइसाला मदत करणारा शास्त्रज्ञ, शेवटी झॅकरी, जो मनातल्या सैतानाशी झगडून जिंकतो. आत्म्याचा प्रवास वाईटातून चांगल्याकडे.

तिरपा_डोळा | शनिवार, रात्री ८.३५

मधला एक जन्म सोयीस्कर गाळलात. चांगल्या शास्त्रज्ञानंतर २०१२ मध्ये तोच हँक्स गुंड लेखक होतो आणि पुस्तकावर वाईट लिहिणाऱ्या समीक्षकाला भर पार्टीत उंचावरून खाली फेकतो. बढतीनंतर ही पदावनती का?

आणि गाठ इथे आहे. खूण ज्यांच्या अंगावर आहे ती माणसं ओळीने: यूइंग, फ्रोबिशर, लुइसा, कॅव्हेंडिश, सोन्मी, झॅकरी. सहाही वेगवेगळे नट! खूण एका आत्म्याची म्हटली तर तो दर वेळी चेहरा बदलतोय. चेहरा आत्म्याचा म्हटला तर खूण दुसऱ्याकडे. दोन धागे आहेत आणि ते मुद्दाम जुळत नाहीत. पुनर्जन्माचा साचा घातला की निम्मा पिक्चर बाहेर राहतो.

शेवगा | शनिवार, रात्री ८.५२

ह्यूगो वीव्हिंग सहाच्या सहा जन्मांत वाईट आहे त्याचं काय मग?

तिरपा_डोळा | शनिवार, रात्री ८.५५

काही लोकांना नोकरी आवडते.

पेटीवाला_नाना | शनिवार, रात्री ९.१०

शेवगा, तुमचं पण पूर्ण चूक नाही. पण मला पुनर्जन्मापेक्षा ऋण हा शब्द जवळचा वाटतो. यूइंग जहाजात लपलेल्या गुलामाला खायला देतो, तो पुढे त्याचा जीव वाचवतो. हे सगळं एकाच जन्मात, रोख व्यवहार. उधारी पुढच्या जन्मावर ढकललेली नाही.

चिंचगूळ | शनिवार, रात्री ९.४०

त्याच गुलामाचा, ऑटुआचा, डोलकाठीवरचा प्रसंग आठवतोय का? तो वर शिडावर चालतोय, खाली कप्तानाच्या हातात बंदूक, आणि मध्येच कट होतं ते थेट निओ सोलमध्ये. सोन्मी दोन इमारतींच्या मधल्या अरुंद पट्टीवरून जीव मुठीत धरून चाललीय. तीनशे वर्षांचं अंतर आणि पाऊल तेच. मला इथे कळलं की एडिटिंग म्हणजे काय. तोवर मला वाटायचं नको ते काढून टाकायचं काम.

मीठभाकर | रविवार, सकाळी ७.३०

थोडं विरुद्ध लिहिते. मी अमेरिकेत आहे. ऑफिसातल्या कोरियन मैत्रिणीबरोबर हा पाहिला आणि निओ सोलच्या भागात मला मान वर करवेना. गोऱ्या नटांच्या डोळ्यांना पट्ट्या चिकटवून त्यांना कोरियन केलंय. आशियाई-अमेरिकन लोकांच्या माध्यमविषयक संघटनेने तेव्हाच जाहीर आक्षेप घेतला होता. ती मैत्रीण रागावली नाही, म्हणाली, "हे लोक निओ सोलमध्ये शहर बांधू शकले, त्यांना चार कोरियन नट नाही सापडले?" तुम्ही सगळे सुरावटीत रमलात म्हणून आठवण करून दिली.

रुळावरची_पाल | रविवार, सकाळी ९.०२

पण सगळेच सगळं होतात की. सोन्मी झालेली बे डूना गोरी बाई होते, हॅली बेरी १९३६ मध्ये गोरी ज्यू बायको होते. २०१२ च्या पार्टीत तर हॅली बेरी चक्क भारतीय पाहुणी आहे. आपल्याकडे दशावतारात पुरुष लुगडं नेसून द्रौपदी होतो, बहुरूपी आज पोलीस उद्या मारुती. सोंग हे सोंग.

मीठभाकर | रविवार, सकाळी ९.४५

दशावतारातल्या माणसाने द्रौपदी केल्यामुळे कुठल्या द्रौपदीची नोकरी जात नाही. (पूर्वी जात होती, तो वेगळा धागा.) आणि बहुरूपी गावातल्या सगळ्यांचीच नक्कल करतो, त्याच्या हातात गाव नसतं. ज्याच्या हातात पैसा आणि कॅमेरा, त्याने दुसऱ्याचे डोळे चिकटवणं वेगळं. कल्पना चांगली होती हे मान्य. पण दिसतं ते वाईट दिसतं, आणि मेकअपही फसलाय. सोन्मीबरोबरचा तो नायक मला अख्खा वेळ सर्दी झाल्यासारखा वाटत होता.

गवतीचहा | रविवार, सकाळी १०.१५

हे पटलं. मी इतकी वर्षं "सगळेच सगळं होतात" म्हणून स्वतःची समजूत घालत होते. सर्दी मात्र आता कधीच दिसायची थांबणार नाही.

खडूस_आजोबा | रविवार, सकाळी १०.२२

ह्यूगो वीव्हिंगची नर्स बघितली. काल रात्री परत लावला होता. पाऊण तासावरून दीड तासावर आलोय. असलं स्त्रीपार्ट आमच्या गावच्या हौशी मंडळाने केलं असतं तर नारळ फेकून मारले असते. पण हसलो.

घडीची_पोळी | रविवार, दुपारी १.०५

थेटरातली गंमत. आमच्या गावच्या थेटरात मध्यंतर कुठे घ्यावं हे त्यांना कळलंच नाही. वाक्य अर्ध्यात असताना दिवे लागले. निम्मे लोक पिक्चर संपला म्हणून निघून गेले. डोअरकीपर दारात उभा राहून "अहो आहे अजून, आहे!" ओरडत होता. एक काका म्हणाले, "असू दे." परतलो तेव्हा आठ-नऊ जण उरलो होतो. त्यातल्या एकाशी मी पुढे लग्न केलं, पण तो पण पिक्चर समजला म्हणून थांबला नव्हता, त्याची छत्री सापडत नव्हती.

पावशेर | रविवार, दुपारी १.११

सातवी गोष्ट सापडली. अंगावर खूण आहे का बघा.

घडीची_पोळी | रविवार, दुपारी १.१४

पोळीचा चटका आहे. धूमकेतूसारखाच दिसतो.

तिरपा_डोळा | रविवार, दुपारी ३.००

अर्धवट सोडून जाणाऱ्यांवरून आठवलं. चीनमध्ये हा पिक्चर जवळपास चाळीस मिनिटं कापून लावला होता. एवढ्या गुंतलेल्या गोष्टीतून चाळीस मिनिटं काढायची म्हणजे स्वेटरचा मधलाच धागा ओढायचा.

आंबेहळद | रविवार, रात्री ९.२०

सगळे फ्रोबिशर आणि सोन्मीवर लिहिताहेत. माझी गोष्ट कॅव्हेंडिशची. भाऊ फसवून त्याला वृद्धाश्रमात अडकवतो, सही करायला लावतो, आणि हॉटेल समजून तो झोपतो. सकाळी उठतो तर किल्ली दुसऱ्याकडे.

आईला दीड वर्ष एका संस्थेत ठेवावं लागलं होतं. संस्था वाईट नव्हती. पण पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंनी आईची पिशवी उघडून तिचा अडकित्ता काढून घेतला, धारदार वस्तू म्हणून. नियम बरोबर होता. आई काही बोलली नाही, माझ्याकडे बघत राहिली. पिक्चरमध्ये लोक त्या भागाला हसतात, मीही हसते, विनोदीच आहे. पण पबमधला प्रसंग येतो, पळून आलेले चार म्हातारे पकडले जाणार एवढ्यात तो मीक्स, जो आख्खा वेळ "माहितीये, माहितीये" एवढंच बोलतो, तो उठून पबमधल्या सगळ्या स्कॉटिश लोकांना मदतीला हाक मारतो, आणि मग जी मारामारी होते, तेव्हा मी दर वेळी टाळ्या वाजवते. एकटीच असते घरी.

गवतीचहा | रविवार, रात्री ९.३३

आंबेहळद ताई, 🙏

मीठभाकर | रविवार, रात्री ९.५०

अडकित्ता परत मिळाला का?

आंबेहळद | रविवार, रात्री १०.०२

मिळाला. माझ्या पर्समध्ये असतो. विमानतळावर दोनदा अडकलेय.

लाइपझिगची_काकू | सोमवार, पहाटे १.१५

झोप येईना म्हणून बशांचा प्रसंग परत पाहिला, गवतीचहाने सुरुवातीला लिहिलेला. फ्रोबिशर आणि सिक्सस्मिथ, भिंतभर रचलेली क्रोकरी, संथ गतीत दोघं ती फेकून फोडताहेत. स्वप्नातला प्रसंग आहे, दोघांना खऱ्या आयुष्यात एका खोलीत मोकळेपणी राहता आलं नाही त्या काळात. पत्राच्या आवाजावर चालतो. मला वाटतं रडू येतं ते आवाजामुळे. इतक्या बशा फुटताहेत आणि खळ्ळकन आवाज कानावर आदळत नाही, संगीत वर आहे. घरात एक कप फुटला तरी आपण "कोण रे तिकडे" म्हणून धावतो. इथे कोणी ओरडणारं नाही.

गवतीचहा | सोमवार, सकाळी ७.४०

काकू. हेच होतं. तीन वर्षं शोधत होते.

कोपऱ्यातला_स्टूल | सोमवार, सकाळी ११.००

मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलेलं नाही (पावशेर सोडून), म्हणून देतो. आमच्या वडिलांना दाखवलाय, वय अडुसष्ट. सबटायटल लावा, पहिल्या मिनिटापासून. शेवटच्या गोष्टीतली इंग्रजी मोडकीतोडकी, नव्याने बनवलेली बोली आहे, ती इंग्रजांनाही कळत नाही. गोष्ट आधी सांगू नका, फक्त एवढंच सांगा की सहा काळ आहेत आणि माणसं तीच आहेत. आणि शेवटची श्रेयनामावली बंद करू नका, त्यात कोण कुठे कुठे होतं ते चेहऱ्यांसकट दाखवतात. आमचे वडील ह्यू ग्रँटचा नरभक्षक टोळीवाला बघून म्हणाले, "हा तो नव्हे." मागे जाऊन दाखवावं लागलं.

गवतीचहा | पंधरा दिवसांनी, रविवार, रात्री ११.२५

धागा वर काढतेय, अहवाल द्यायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी, आरती-जेवणं आटपल्यावर लावला. स्टूल यांच्या सांगण्याप्रमाणे सबटायटल आणि एका वाक्याची सूचना. बाबांचा पहिला प्रश्न: "अ‍ॅटलस म्हणालीस ना? नकाशा कुठंय?" वीस मिनिटांत त्यांनी पॉज करायला लावलं. मला वाटलं, झालं. तर उठून कपाटातून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला, एकीची कोरी बाजू घेतली, पेन्सिलीला टोक केलं आणि सहा उभे रकाने आखले. वर साल, खाली माणसं. मोजणीचं टिपण काढावं तसं. प्रत्येक नट दुसऱ्या काळात दिसला की आडवी तुटक रेघ. धूमकेतूच्या खुणेला त्यांनी हद्दीच्या दगडाची खूण दिली.

मग दर दहा मिनिटांनी "थांबव". १९७३ मध्ये डुलकी लागली, ते आईने सांगू नको म्हटलंय. पबच्या मारामारीला जोरात हसले. नर्सला हौशी मंडळ वगैरे काही म्हणाले नाहीत, म्हणाले, "आमच्या ऑफिसात एक होती अशी." साडेबाराला आईने टीव्ही बंद केला, उरलेला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

आवडला का विचारलं तर म्हणाले, "लांब आहे." पत्रिकेवरचं टिपण मात्र घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. आणि विसर्जनाहून परत येताना मांडवात बँडवाले काहीतरी भलतंच वाजवत असताना हे शेजारी चालत ती पियानोची ओळ गुणगुणत होते. दुसऱ्या ओळीला चुकत होते. मी दुरुस्त केलं नाही.

पेटीवाला_नाना | रविवार, रात्री ११.४८

टिपणाचा फोटो टाक.

गवतीचहा | रविवार, रात्री ११.५२

विचारलं. म्हणाले नक्कल हवी असेल तर रीतसर अर्ज करा आणि फी भरा.

खडूस_आजोबा | सोमवार, सकाळी ६.१५

दोन तास दहा मिनिटं. अर्ज माझाही धरा.